‘शुगर हाय’ म्हणजे कुठली? भुलेआधीच्या प्रश्नामागचा इतिहास

कोल्हापुरात ऑपरेशनआधी फिटनेसच्या तपासणीसाठी आलेला पेशंट ‘शुगर हाय, सुई घेतो’ एवढं सांगून मोकळा होतो. भूलतज्ज्ञाचं तेवढ्यावर भागत नाही. उपाशी राहायच्या रात्री सुईचं, म्हणजे इन्सुलिनच्या इंजेक्शनचं, काय करायचं, हे मधुमेह कोणता यावर ठरतं.

मधुमेह एकच नाही, हे आपल्याकडे जुनंच ज्ञान. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे (मधुमेह ज्यात मोडतो त्या लघवीच्या विकारांचे) दोन प्रकार आहेत: सहज, म्हणजे जन्मजात, आणि अपथ्यामुळे होणारा. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं, जानेवारी १९२२ मध्ये ते चौदा वर्षांच्या एका मुलाला टोचलं गेलं. पण ते सगळ्यांना सारखं लागू पडेना. १९३६ साली लंडनच्या हिम्सवर्थ यांनी इन्सुलिनला दाद देणारे आणि न देणारे असे दोन गट दाखवले.

खरा घोळ पुढे झाला. १९७९-८० च्या वर्गीकरणात ‘इन्सुलिनवर अवलंबून’ आणि ‘अवलंबून नसलेला’ अशी नावं पक्की झाली, म्हणजे आजाराला उपचाराचं नाव! गोळ्या पुरेनाशा होऊन सुईवर आलेला दुसऱ्या गटातला (आज ज्याला टाइप २ म्हणतात तो) पेशंटही मग पहिल्याच खान्यात जाऊन बसायचा. १९९७ मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने ही नावं मोडीत काढून कारणावरून टाइप १, टाइप २ अशी विभागणी केली.

भूल देणाऱ्याला हाच फरक कामाचा. टाइप १ मध्ये शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. ‘उपाशीच हाय, मग सुई कशाला?’ म्हणून घरच्यांनी ती पूर्ण बंद केली, तर ऑपरेशनच्या ताणाने वाढलेली हार्मोन्स चरबी जाळायला लावतात, त्यातून तयार होणारे कीटोन नावाचे पदार्थ साचतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. म्हणून जेवणाबरोबरचा डोस टळतो, पण दिवसभर पुरणारं बेसल इन्सुलिन डॉक्टर सांगतील त्या मात्रेत चालूच राहतं. टाइप २ मध्ये बहुतेकांचं थोडंफार इन्सुलिन शिल्लक असतं, तिथे गोळ्यांचा हिशेब जास्त.

त्यातही डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या बेरक्या. त्यांच्यामुळे ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन चढू शकतात. २०२० पासून अमेरिकेच्या औषध नियामकाचा सल्ला आहे की ठरलेल्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी, त्याच जातीची एर्टुग्लिफ्लोझिन असेल तर चार दिवस आधी, त्या थांबवाव्यात. ‘सकाळची पांढरी गोळी’ एवढ्यावरून कुणाला काय कळणार? तपासणीला येताना गोळ्यांची पाकिटंच आणायची, नाव कापून न टाकलेली.