हेलिकॉप्टरचे उपकरणाधारित उड्डाण प्रशिक्षण

जमीन किंवा क्षितिज दिसत नसताना केवळ कॉकपिटमधील उपकरणे वाचून हेलिकॉप्टर चालवण्याचे शिक्षण. वैमानिकांच्या बोलीत 'इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग' किंवा नुसते 'आयएफ'. भूसेनेच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रशिक्षण नाशिक येथील गांधीनगर विमानतळावरील कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये (स्थापना २००३) होते. तेथे चेतक व चीता ही हेलिकॉप्टरे दीर्घकाळ वापरात आहेत.

उगम : याचे श्रेय सामान्यतः अमेरिकी वैमानिक जेम्स डूलिटल यांना दिले जाते. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्डवर त्यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून उड्डाण करून विमान उतरवले. मात्र पुढच्या आसनावर बेंजामिन केल्सी हे सुरक्षा वैमानिक होते. त्यामुळे काही अभ्यासक पहिले खरे 'अंध' उड्डाण ९ मे १९३२ रोजी अल्बर्ट हेगेनबर्गर यांनी एकट्याने केलेले मानतात. प्रशिक्षणाच्या दृष्टीने हा वाद दुय्यम ठरतो. अमेरिकी लष्करी वैमानिक विल्यम ऑकर यांनी १९२६ च्या सुमारास बारानी खुर्चीवर (फिरत्या आसनावर) घेतलेला अनुभव अधिक मूलगामी वाटतो. डोळे झाकलेल्या अनुभवी वैमानिकालाही आपण कोणत्या दिशेला फिरत आहोत हे सांगता येत नाही, हे त्यातून पटले आणि शरीराच्या जाणिवेऐवजी उपकरणावर विश्वास ठेवण्याचे शिक्षण सुरू झाले. ही विमानांची परंपरा आहे. हेलिकॉप्टरने ती पुढे उसनी घेतली.

इलिनॉय विद्यापीठातील १९५४ चा प्रयोग पाठ्यपुस्तकांत वारंवार येतो. उपकरणांचे शिक्षण नसलेल्या २० जणांनी कृत्रिम ढगस्थितीत सरासरी १७८ सेकंदांत विमानावरील ताबा गमावला. हा आकडा मर्यादित उपकरणे ठेवलेल्या विमानाचा असल्याने तो हेलिकॉप्टरला जसाच्या तसा लावणे योग्य नाही.

हेलिकॉप्टरची अडचण : विमान ट्रिम करून (नियंत्रणांचा तोल साधून) सोडले तर बहुधा काही काळ तसेच राहते. साध्या, स्थिरीकरण यंत्रणा नसलेल्या हेलिकॉप्टरचा कल वाढत जातो, त्यामुळे सायक्लिकवरून (हेलिकॉप्टर पुढे-मागे व बाजूला कलवणाऱ्या दांड्यावरून) हात काढता येत नाही. शिवाय नियंत्रणे एकमेकांत गुंतलेली असतात. चेतक व चीता यांचे मुख्य पाते वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरते. म्हणून कलेक्टिव्ह (चढ-उतारासाठीचा दांडा) उचलताच नाक डावीकडे जाते आणि उजवे पेडल द्यावे लागते. अमेरिकी बनावटीच्या बहुतेक हेलिकॉप्टरांत हे उलट असते. ढगात नाकाचे हे सरकणे डोळ्यांना नव्हे, दिशादर्शकाला कळते. सुमारे ४० नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) खाली पात्यांच्या झोतामुळे वेगमापक भरवशाचा राहत नाही. म्हणून ढगात हॉवर करणे (एका जागी तरंगणे) हा पर्याय नसतो, आणि उपकरण उड्डाणाला प्रमाणित केलेल्या हेलिकॉप्टरांना किमान वेगाची मर्यादा घालून दिलेली असते.

क्रम : प्रथम पूर्ण उपकरणांवर सरळ-समतल उड्डाण, नंतर चढ, उतार, वळणे. प्रशिक्षणार्थीच्या डोक्यावर हूड (बाहेरचे दिसू न देणारे आवरण) असतो. बाहेर पाहण्याची जबाबदारी शिक्षकाची. नजर कृत्रिम क्षितिजावरून निघून एकेका उपकरणाकडे जाते व पुन्हा क्षितिजावर येते. दुरुस्ती लहान करायची, एक-दोन अंशांची, आणि परिणाम दिसेपर्यंत थांबायचे. प्रमाण वळण सेकंदाला ३ अंशांचे, म्हणजे पूर्ण फेरी दोन मिनिटांत. त्यासाठी ९० नॉटला सुमारे १४ अंश, तर ६० नॉटला साडेनऊ अंश कल लागतो. ३ अंशांच्या उतारमार्गावर ९० नॉट भूवेगाला मिनिटाला सुमारे ४८० फूट खाली यावे लागते. ढोबळ नियम (वेगाचा निम्मा गुणिले दहा) ४५० देतो व तो सुरुवातीला पुरतो.

यानंतर पार्शल पॅनेल : कृत्रिम क्षितिज व दिशादर्शक झाकतात आणि टर्न अँड स्लिप (वळणाचा वेग व बाजूची घसरण दाखवणारे उपकरण), उंचीमापक, वेगमापक व चुंबकीय होकायंत्र यांवर काम भागवायचे असते. होकायंत्र उत्तरेकडे वळताना मागे पडते, दक्षिणेकडे वळताना पुढे धावते. हा फरक साधारण अक्षांशाएवढा धरतात, म्हणजे नाशिकला सुमारे २० अंश. युरोपीय पुस्तकांतील मोठे आकडे येथे वापरू नयेत.

नेहमीच्या चुका : एकाच काट्यावर नजर खिळणे ही पहिली. उंची ५० फुटांनी चुकली की प्रशिक्षणार्थी उंचीमापकालाच धरून बसतो आणि तोवर दिशा १५ अंशांनी सरकते. दुसरी, चढ-उतार दर्शकाचा पाठलाग. हा काटा उशिरा बोलतो. त्याच्यामागे कलेक्टिव्ह हलवले की हेलिकॉप्टर वर-खाली डुलत राहते. तिसरी चूक शरीराची. कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांना सेकंद वर्गाला सुमारे २ अंशांहून मंद फिरणे जाणवत नाही. अशा हळू आलेल्या कलातून झटक्याने सरळ झाल्यावर आपण उलट बाजूला कललो आहोत असे वाटते. त्याच क्षणी खाली वाकून नकाशा उचलला तर भ्रम अधिक तीव्र होतो. भारतात अशा भ्रमांचे प्रात्यक्षिक बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये दिले जाते.

अनपेक्षित ढगप्रवेश : आमच्या मते प्रशिक्षणाचा सर्वांत उपयोगी भाग हाच. क्रम ठरलेला आहे : आधी कल समतल, मग दिशा स्थिर, मग चढण्याची शक्ती, मग चढाचा वेग, रेडिओ त्यानंतर. आलेल्या वाटेने लगेच परत वळण्याची ओढ घातक ठरते, कारण ताबा मिळण्याआधीच वळण सुरू होते.

नाशिक परिसर : पावसाळ्यात त्र्यंबक, अंजनेरी व कसारा घाटाच्या बाजूला ढग डोंगरमाथ्यांना टेकतात. गांधीनगर केंद्र धरून काढलेल्या २५ सागरी मैलांच्या वर्तुळात कळसूबाई (१,६४६ मी., सुमारे ५,४०० फूट) येते. सामान्य १,००० फुटांचे अंतर ठेवले तरी सुरक्षित उंची ६,४०० फुटांवर जाते. डोंगराळ भागासाठी हे अंतर २,००० फुटांपर्यंत वाढवतात. या ऋतूत शून्य तापमानाची पातळी याहून बरीच उंच असल्याने पात्यांवर बर्फ साचण्याची चिंता नसते. उंचीमापकात दाब १० हेक्टोपास्कलने चुकीचा लावला, तर मात्र सुमारे २८० फुटांची चूक येते.

अर्हता : आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ नुसार प्रमुख वैमानिक म्हणून ५० तासांचे दूरउड्डाण (त्यांपैकी १० हेलिकॉप्टरवर) व ४० तासांचा उपकरण अनुभव लागतो, त्यांपैकी २० तास, सिम्युलेटर असल्यास ३० तास, जमिनीवरील चालतात. भारतात नागरी अर्हता नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. हवाई दलात व्हाइट, ग्रीन व मास्टर ग्रीन अशा श्रेणी आहेत.