शाळेतील जन्मतारीख

शाळेत नाव घालताना मुलाचे वय कशावरून ठरवले जाते, ते कोणत्या वहीत कसे लिहिले जाते आणि पुढे त्या नोंदीला किती वजन मिळते, याविषयीची ही नोंद महाराष्ट्रापुरती आहे. मराठी माणसाच्या आयुष्यात शाळेतल्या तारखेने जेवढा पसारा घातला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या कागदाने घातला असेल. नोकरी, निवृत्ती, लग्नाचे वय, पासपोर्ट आणि कोर्टातला अज्ञानपणा (सज्ञान नसणे) यांपैकी कशाचाही माग काढत गेले तरी शेवटी गावच्या शाळेतल्या कपाटापाशीच पोचावे लागते.

त्या कपाटात जनरल रजिस्टर असते. मास्तरांच्या बोलण्यात ते ‘रजिस्टर नंबर एक’ किंवा ‘दाखल-खारीज’ असते, तर सरकारी कागदांत ‘प्रवेश-निर्गम नोंदवही’. एका मुलाला एक आडवी ओळ आणि एक रजिस्टर क्रमांक. त्या ओळीत मुलाचे व वडिलांचे नाव, आईचे नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल केल्याची तारीख व इयत्ता असते. शाळा सोडल्याची तारीख आणि कारण यांचे रकाने वर्षानुवर्षे रिकामे राहून शेवटी भरले जातात. जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत अशी दोनदा लिहायची असते, कारण इंग्रजी आकड्यांत १ चा ७ आणि ३ चा ८ करायला एक फराटा पुरतो. ‘एकोणीसशे एकसष्ट’ खोडायला मात्र जड जाते. हे रजिस्टर कायम जतन करायचे असते. सातारच्या हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालेल्या ‘भिवा रामजी आंबेडकर’ या मुलाची नोंद १९१४ या क्रमांकावर आजही पाहायला मिळते. तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे बोलीतला ‘एलसी’ किंवा ‘टीसी’, या ओळीचीच नक्कल असतो. वरील माहिती जनरल रजिस्टरप्रमाणे बरोबर आहे, असे त्यावर मुख्याध्यापक सहीनिशी लिहून देतात. एवढाच त्या सहीचा अर्थ. मूल त्या दिवशी जन्मले याची ग्वाही मुख्याध्यापक देत नसतात. वहीत तसे लिहिले आहे, इतकेच ते सांगतात. या दोन गोष्टींतला फरक विसरला गेल्यामुळेच पुढचे बहुतेक घोटाळे झाले आहेत.

वहीत ते मुळात लिहिले कोणी आणि कशावरून? एक-दोन पिढ्यांपूर्वी बाळंतपण घरी किंवा आईच्या माहेरी होई. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. त्याआधी गावात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, ठेवले जाई, पण त्यात पुष्कळदा बाळाचे नाव नसे. ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढीच नोंद असे. मुलाला घेऊन बाप शाळेत आला की गुरुजी विचारत, ‘कधीचा जन्म?’ उत्तर तारखेत येत नसे. पानशेत फुटले (१२ जुलै १९६१) तेव्हा रांगत होता, कोयनेच्या भूकंपाला (११ डिसेंबर १९६७) पोटात होता, बहात्तरच्या दुष्काळात झाला, पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला, अशी ती उत्तरे असत. कुंडली केलेली असेल तर शक आणि तिथी मिळे. काहीच मिळाले नाही तर गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. बोटे कानाला लागली की मूल शाळेजोगे झाले. या कसोटीवर आज हसू येते. पण लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि हात आखूड असतात, सहा-सातच्या सुमारास हे प्रमाण बदलते, आणि गुरुजींचा अंदाज त्याच बदलावर बांधलेला होता. साधनांच्या मानाने तो वाईट नव्हता. त्यात चूक होती ती त्यावरून एक पक्की तारीख लिहिण्याची.

ती तारीख बहुधा १ जून असे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. त्या दिवशी मूल कायद्याप्रमाणे दाखल करण्याच्या वयाचे दिसले पाहिजे, म्हणून चालू वर्षातून तेवढी वर्षे वजा करून १ जून लिहून टाकले जाई. एकाच घरातली चारही भावंडे १ जूनची, असे त्यामुळे झाले. उत्तर भारतात शाळा जुलैत भरत, तिकडे हाच मान १ जुलैला मिळाला. ही खूण आजही पुसलेली नाही. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला राज्य सरकारी कर्मचारी वयोमर्यादा (बहुतेकांना ५८ वर्षे) पूर्ण होताना आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून दरवर्षी ३१ मे रोजी सरकारी कार्यालयांत आणि शाळांत निरोप समारंभांची रांग लागते. कधीकाळी गुरुजींनी केलेली ही वजाबाकी पुढे शासनाच्या मनुष्यबळाचे वेळापत्रकच होऊन बसली.

सगळ्याच तारखा अजाणतेपणी चुकल्या असेही नाही. नोकरीत दोन वर्षे जास्त मिळावीत म्हणून वय कमी लावले गेले. धाकट्याला थोरल्याबरोबर शाळेत बसवायचे म्हणून ते वाढवलेही गेले. तरी त्या पिढीतल्या गुरुजींना खोटे ठरवणे अन्यायाचे होईल. तारीख नाही म्हणून त्यांनी पोर दारातून परत पाठवले असते, तर कित्येक घरांत आजही अक्षर पोचले नसते.

आजचा कायदा नेमका याच बाजूने उभा आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १४ नुसार वय जन्मदाखल्यावरून ठरवायचे, पण वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येत नाही. दाखला नसेल तर दवाखान्याची किंवा परिचारिकेची नोंद चालते, अंगणवाडीची नोंद चालते, आणि तेही नसेल तर पालकांचे प्रतिज्ञापत्र. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक उन्हाळ्यात घरोघर फिरून दाखलपात्र मुलांची यादी करतात, आणि तिचा मुख्य आधार अंगणवाडीताईंचे रजिस्टर असते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी हीच तरतूद मोलाची. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात बसवायचे असते, त्यामुळे वयाचा अंदाज तिथे नव्याने कळीचा होतो.

प्रवेशाचे वय कोणत्या दिवशी मोजायचे त्याला ‘मानीव दिनांक’ म्हणतात. पूर्वी पाच वर्षे पूर्ण झालेले मूल पहिलीत जाई. आता सहा वर्षे लागतात आणि मानीव दिनांक ३१ डिसेंबर आहे. म्हणजे जूनमध्ये साडेपाच वर्षांचे असलेलेही चालते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशासह अनेक कामांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. ही मुले आता पहिलीच्या दिशेने येत आहेत. नव्या तरतुदीची शिक्षण हक्क कायद्यातील कलम १४ च्या सवलतीशी सांगड कशी घातली जाते, त्यावर गरिबातल्या गरिबाचा प्रवेश अवलंबून राहील. जन्माची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. बाळाचे नाव त्या वेळी ठरले नसेल तर वर्षभरात विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून ते घालता येते. नाव नसलेला दाखला घेऊन पालक शाळेत येतात तेव्हा लिपिकांनी हे सांगितले पाहिजे.

एकदा लिहिलेली तारीख बदलणे मुद्दाम अवघड ठेवले आहे. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे मुख्याध्यापकांना ती परस्पर बदलता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि अर्ज मूल शिकत असतानाच करायचा असतो. सरकारी सेवेत आल्यावर सेवापुस्तकातील जन्मतारखेबद्दलचा अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो. निवृत्ती जवळ आल्यावर खरी तारीख आठवणाऱ्यांसाठी हे दार बंद आहे. हल्ली बहुतेक दुरुस्त्या वेगळ्याच कारणाने होतात. २०१५ मध्ये आलेल्या ‘सरल’ प्रणालीपासून मुलांची माहिती संगणकावर जाते, तिथे रजिस्टर आणि आधार जुळत नाहीत, आणि शिक्षकांचे दिवसच्या दिवस त्यातच जातात. आधारच्या सुरुवातीच्या नोंदणीत कागद नसलेल्यांच्या कार्डावर पुष्कळदा नुसते जन्मवर्ष छापले गेले होते. अशा वेळी आधार पाहून रजिस्टर बदलणे ही उलटी गंगा होईल. २०२४ मध्ये अपघात भरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही आधारवरच्या तारखेपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली.

कोर्टात या ओळीची खरी परीक्षा होते. १९८८ च्या बिरदमल सिंघवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, रजिस्टरातील तारीख कोणाच्या सांगण्यावरून लिहिली हे सिद्ध होत नसेल, तर रजिस्टर पुराव्यात ग्राह्य असले तरी त्या तारखेला फारसे मोल नाही. दुसऱ्या बाजूला बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या कलम ९४ मध्ये वय ठरवताना शाळेचे जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र पहिले, नगरपालिका-पंचायतीचा जन्मदाखला त्यानंतर, आणि हाडांची वैद्यकीय तपासणी शेवटी येते. म्हणून प्रवेशाच्या दिवशी तारखेशेजारी ती कशावरून घेतली ते लिहिणे गरजेचे आहे. ‘ग्रामपंचायत जन्मदाखला क्रमांक अमुक’, ‘अंगणवाडी रजिस्टर’ किंवा ‘वडिलांनी सांगितल्यावरून’ असे दोन-चार शब्द पुरतात. शेरा रकान्यात त्यांना जागा असते. तोंडी सांगण्यावरून लिहिले असेल तर तसे लिहिण्यात कमीपणा काहीच नाही.

गावात एखाद्या मुलीचे लग्न ठरल्याची कुणकुण लागते आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक चौकशीला येतात, तेव्हा घरचे सांगतात की मुलगी अठरा पूर्ण आहे. ग्रामसेवक तिथून शाळेत जातात. मुख्याध्यापक कपाट उघडून तिच्या पहिलीच्या प्रवेशाची ओळ शोधतात आणि शेरा रकान्यावर बोट ठेवतात.