हलत्या लाकडावरचा तास

जाड बुंध्याकडून चालायला सुरुवात करायची. पहिली काही पावलं बरी जातात. पुढे लाकूड निमुळतं होत जातं आणि त्याचं शेवटचं टोक तर अधांतरीच. तिथे पाय पडला की ते खाली-वर डुलतं. जर्मनीतल्या थुरिंगियात, श्नेपफेनथालच्या शाळेत अठराव्या शतकाच्या अखेरीस मुलं अशा लाकडावर तोल सांभाळायला शिकत. आजच्या बॅलन्स बीमचा, म्हणजे जिम्नॅस्टिक्समधल्या तोल सांभाळत चालायच्या अरुंद पट्टीचा, हा पूर्वज, पण जरा खट्याळ!

ही शाळा साल्झमान यांनी १७८४ मध्ये काढली. पुढच्याच वर्षी योहान गुट्समुट्स तिथे शिक्षक म्हणून आले आणि जवळपास पन्नास वर्षं तिथेच राहिले. धावणं, उड्या, चढणं, पोहणं हे सगळं त्यांनी शाळेच्या वेळापत्रकात बसवलं. १७९३ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं.

मला त्यांचं खरं वेगळेपण वाटतं ते नोंदींमध्ये. कोणाची उडी किती गेली, हे ते मोजून लिहून ठेवत. त्यामुळे मुलाची आजची उडी त्याच्याच मागच्या उडीशी ताडून बघता येई. कसरतीला असा हिशेब लागला म्हणूनच ती शिकवण्याजोगा विषय झाली.

आणि त्या लाकडावर नेमकं काय घडतं? कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की हा द्रव मागे रेंगाळतो आणि वळण्याची वर्दी मेंदूला जाते. डोळे आजूबाजूचं सांगतात. तळवे, घोटे, स्नायू पायाखालचं. लाकूड डुललं की या तिन्ही खबरा क्षणाक्षणाला बदलतात आणि मेंदूला त्यांचा मेळ घालावा लागतो. सुरुवातीला हात, खांदे, कंबर सगळंच हेलकावतं. सरावाने ही धांदल कमी होते. गुट्समुट्स यांच्या काळी यातलं बरंचसं शरीरशास्त्र कुणालाच ठाऊक नव्हतं. सराव मात्र अचूक निवडला होता.

गुट्समुट्स यांच्या लिखाणातून स्फूर्ती घेऊन डॅनिश व्यायामशिक्षक नाख्तेगाल यांनी १७९९ मध्ये कोपनहेगनला व्यायामशाळा उघडली. १८१४ च्या शालेय कायद्याने डेन्मार्कने जिम्नॅस्टिक्स शाळांमध्ये आणलं.

गुट्समुट्स यांच्या १७९३ च्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर त्याआधीच, १८०० मध्ये लंडनला निघालं होतं. त्यावर लेखक म्हणून नाव छापलं होतं साल्झमान यांचं.