गिनीपिग : त्वचासंसर्ग व अंडाशय-विकार, गोव्यातील पालनाच्या संदर्भात

कृंतक गणाच्या कॅव्हिइडी कुलातील बिनशेपटीचा पाळीव सस्तन प्राणी. शास्त्रीय नाव कॅव्हिया पोर्सेलस. प्रौढ प्राण्याचे वजन साधारणपणे ७०० ते १,२०० ग्रॅ. भरते, आयुष्य ५ ते ७ वर्षांचे. मराठी वाचकाला तो ठाऊक आहे तो पाठ्यपुस्तकातल्या प्रयोगशाळेतून. घरात पाळायचा प्राणी ही त्याची ओळख त्या मानाने अलीकडची. प्रस्तुत नोंद त्याच्या त्वचेचे संसर्ग आणि मादीच्या अंडाशयाचे विकार यांपुरती मर्यादित आहे. हे दोन विषय एकत्र घेण्याचे कारण व्यावहारिक आहे. मालकाच्या नजरेस पडणारे पहिले लक्षण दोहोंत बहुधा एकच असते : केस जाणे. आणि गोव्यासारख्या पावसाळी प्रदेशात केस गेले की दोष बुरशीला दिला जातो.

नाव व मूळ : हा प्राणी डुकराच्या जातीचा नाही आणि गिनीचाही नाही. यूरोपात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १५५४ मध्ये कोन्राट गेस्नर या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने केले, असे सामान्यतः मानले जाते. लिनीअसने १७५८ मध्ये त्याला उंदरांच्या प्रजातीत घातले होते. ‘गिनी’ या शब्दाविषयी निदान चार मते आहेत. गिनीच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या जहाजांतून तो इंग्लंडात पोहोचला, हे एक. ‘गियाना’ या दक्षिण अमेरिकी प्रदेशनामाचा तो अपभ्रंश आहे, हे दुसरे. एक गिनी नाण्याला तो विकला जाई, हे तिसरे मत सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत दुबळे आहे : विल्यम हार्वी या इंग्रज वैद्याच्या ग्रंथाच्या १६५३ च्या इंग्रजी भाषांतरात हे नाव आढळते, तर गिनी हे नाणे १६६३ मध्ये प्रथम पाडले गेले. ‘गिनी’ म्हणजे त्या काळच्या बोलण्यात कोणताही दूरचा, अनोळखी मुलूख, हे चौथे मत त्यांतल्या त्यात ग्राह्य वाटते.

गोव्यातील वाचकाला पोर्तुगीज नावाची अधिक गंमत वाटेल. पोर्तुगीजमध्ये या प्राण्याला ‘पोर्किन्यु-दा-ईंदिया’, म्हणजे ‘इंडियाचे डुकराचे पिल्लू’ म्हणतात. फ्रेंच नावाचा अर्थही हाच. ही ‘इंडिया’ मात्र आपली नव्हे. कोलंबसाच्या गैरसमजातून अमेरिकेला चिकटलेली ती ‘इंडीज’ होय. मिरची, काजू, अननस या अमेरिकी वस्तू पोर्तुगीज गलबतांतून आल्या आणि गोव्याच्या जेवणात व परसात रुजल्या. अँडीज पर्वतातील लोक ज्याचे मांस खातात तो हा प्राणी मात्र इथल्या ताटात कधी आला नाही. जर्मन नावाचा अर्थ ‘समुद्री डुकराचे पिल्लू’ असा असून त्यातही समुद्रापलीकडून आल्याचीच खूण दिसते. ‘कोबाया’ हे स्पॅनिश नाव दक्षिण अमेरिकेतील तुपी भाषेतून आले असावे.

माणसाळवण्याचा काळ इ. स. पू. ५००० च्या आसपास किंवा त्याहून काहीसा अलीकडे धरतात. वन्य पूर्वज म्हणून कॅव्हिया अपेरिया, कॅव्हिया फुल्गिडा व कॅव्हिया चुडी या तिन्ही जातींची नावे पुढे केली गेली. जनुकीय पुरावा चुडीकडे झुकतो. १९९० च्या दशकात तर हा प्राणी कृंतक आहे की नाही, यावरच रेण्वीय (जनुके व प्रथिने यांवर आधारलेल्या) वर्गीकरणात वाद रंगला होता. पुढील अभ्यासांनी त्याला पुन्हा कृंतकांतच आणून बसवले.

त्वचेचे संसर्ग : बुरशीजन्य नायटा हा यांतील सर्वांत परिचित. कारक बुरशी बहुधा ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिस गटातील असते, क्वचित मायक्रोस्पोरम कॅनिस. आरंभ नाकाच्या शेंड्यावर, डोळ्यांभोवती व कानांवर होतो; केस तुटतात, गोलसर चट्टे पडतात, त्यांवर कोंड्यासारखी खपली धरते. पुढे चट्टे पाठीवर पसरतात. खाज असेलच असे नाही. अनेक प्राणी लक्षणांशिवाय बुरशी अंगावर बाळगून असतात. प्रवास, गर्दी, बाळंतपण किंवा उपासमार झाली की ती उफाळते. निदानासाठी खपलीचे सूक्ष्मदर्शकी परीक्षण व संवर्धन करावे लागते. जांभळ्या दिव्याखाली चमक पाहण्याची मांजरांतील पद्धत येथे फारशी कामाची नाही, कारण ट्रायकोफायटॉन त्या प्रकाशात चमकत नाही. उपचारात इट्राकोनाझोल हे तोंडावाटे द्यायचे औषध, शरीरभाराच्या दर किलोमागे रोज ५ ते १० मिग्रॅ. या प्रमाणात, काही आठवडे दिले जाते. ग्रिझिओफुल्विन हे जुने औषध गाभण मादीला वर्ज्य आहे. पिंजरा, भांडी व लपण्याची खोकी यांवर बीजाणू महिनोन्महिने टिकतात. ती धुतल्याशिवाय औषधाचा उपयोग अर्धाच.

हा संसर्ग माणसाला होतो. मुलांच्या मनगटावर वा मानेवर गोल चट्टा उठला की प्राण्याकडे पाहावे, आणि प्राण्याला चट्टा दिसला की मुलांकडे. येथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे. भारतात औषधाच्या दुकानांतून चिठ्ठीशिवाय सर्रास नेली जाणारी ‘नायट्याची ट्यूब’ ही पुष्कळदा बुरशीनाशक, प्रतिजैविक व तीव्र स्टेरॉइड यांचे मिश्रण असते. तिने लाली दोन दिवसांत ओसरते आणि बुरशी मात्र पसरते. गिनीपिग अंग चाटतो, त्यामुळे स्टेरॉइड पोटातही जाते. घरातील माणसांसाठी आणलेली ही ट्यूब त्याला लावू नये.

खरजेचा किडा ट्रिक्झाकॅरस कॅव्हिइ याचे वर्णन १९७२ मध्ये झाले. तो त्वचेत बिळे करतो. खाज इतकी तीव्र असते की प्राणी स्वतःला ओरबाडून रक्त काढतो, आणि हात लावताच त्याला झटके येतात. झटक्यांमुळे फेफऱ्याचा संशय घेतला जातो, पण खरूज गेली की तेही बहुधा थांबतात. आयव्हरमेक्टिनचे दर किलोमागे ०·२ ते ०·५ मिग्रॅ. असे इंजेक्शन दहा-चौदा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा देतात, किंवा सेलामेक्टिन त्वचेवर सोडतात. एकाला खरूज झाली तरी सोबतच्या सर्वांवर उपचार करायचे असतात. केसांवर राहणारा किरोडिस्कॉइडीस कॅव्हिइ हा दुसरा किडा तुलनेने सौम्य.

जिवाणूजन्य संसर्गांत तळपायाचा व्रण प्रमुख होय. तारेची जाळी, ओली अंथरूणे व लठ्ठपणा यांनी तळवा सोलतो, त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस शिरतो. दुखणे हाडापर्यंत गेले तर बरे करणे अवघड. मानेखालची पुवाची गाठ स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकसमुळे होते.

प्रतिजैविकांचा प्रश्न या प्राण्यात जिवावरचा आहे. पेनिसिलीन, अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन यांनी त्याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलीसारखे जिवाणू माजतात आणि काही दिवसांत मृत्यू ओढवतो. ही घातकता १९४३ मध्येच नोंदली गेली होती. ऑक्सफर्डमध्ये २५ मे १९४० रोजी पेनिसिलीनची कसोटी उंदरांवर झाली, गिनीपिगवर नव्हे, म्हणून ते औषध वाचले, असे वैद्यकाच्या इतिहासात नेहमी म्हटले जाते. त्यात अतिशयोक्ती असली तरी तथ्य आहे. एन्रोफ्लॉक्सासिन व ट्रायमेथोप्रिम-सल्फा ही त्यांतल्या त्यात निर्धोक. घरात उरलेल्या अमॉक्सिसिलीनच्या सिरपचा एक चमचा म्हणजे या प्राण्यासाठी विषच.

अंडाशय व त्याचे विकार : मादीच्या प्रजननसंस्थेने वैद्यकाला बरेच दिले आहे. स्टॉकर्ड व पापानिकोलाऊ या संशोधकांनी १९१७ मध्ये योनिस्रावातील पेशी पाहून गिनीपिगचे सुमारे १६ दिवसांचे ऋतुचक्र निश्चित केले. स्त्रियांच्या कर्करोग-तपासणीत वापरली जाणारी पॅप चाचणी याच पद्धतीतून पुढे आली. हिसॉ या शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये श्रोणीचे (कटीच्या हाडांच्या कड्याचे) बंध सैलावणारे रिलॅक्सिन हे संप्रेरक (हॉर्मोन) शोधले, तेही गिनीपिगमध्येच. गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. पहिली वीण ६-७ महिन्यांच्या वयापलीकडे लांबली, तर श्रोणी पुरेशी न उघडून बाळंतपण अडण्याचा धोका असतो.

दीड-दोन वर्षांवरील माद्यांत अंडाशयात द्रवकोष, बोलीत पाण्याच्या गाठी, होणे अतिशय सामान्य आहे. वेगवेगळ्या पाहण्यांतील प्रमाणे जुळत नाहीत, तरी निम्म्याहून अधिक माद्यांत ते आढळतात, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. वयाबरोबर आकार वाढतो, काही मिमी.पासून ७ सेंमी.पर्यंतचे कोष आढळले आहेत. बहुधा दोन्ही बाजूंना असतात.

या कोषांच्या उगमाविषयी मतभेद आहेत, आणि ते केवळ पुस्तकी नाहीत. जुन्या लेखनात सर्वच कोषांना अंडपुटकांपासून (अंडपेशी जीत वाढते त्या पिशव्यांपासून) झालेले मानण्याकडे कल होता. ऊतकपरीक्षेत मात्र बहुसंख्य कोषांचे अस्तर घनाकार, पुष्कळदा रोमक (सूक्ष्म केसांच्या) पेशींच्या एका थराचे दिसते. असे अस्तर रेटी ओव्हॅरी या नावाच्या, अंडाशयाच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म नलिकांच्या जाळ्याचे असते. हे जाळे भ्रूणातील मध्यवृक्काचा (तात्पुरत्या मूत्रपिंडाचा) अवशेष आहे, हे मत अधिक रूढ आहे. काही जण ते देहगुहेच्या अस्तरापासून झाल्याचे मानतात. बुरशी आलेल्या चाऱ्यातील इस्ट्रोजेनसदृश द्रव्यांमुळे कोष होतात, असेही सुचवले गेले आहे. तसे असेल तर ओलसर गवताचा प्रश्न गोव्याला अधिकच लागू पडेल. पण हे अनुमान जपूनच घ्यावे.

भेदाचे महत्त्व उपचारात दिसते. पुटकजन्य कोष संप्रेरके स्रवतात, म्हणून एचसीजी किंवा जीएनआरएच या संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी ते आटू शकतात. नलिकाजन्य कोष संप्रेरके स्रवत नाहीत आणि इंजेक्शनांना दाद देत नाहीत. मग त्यांच्यासोबतही केस का गळतात? शेजारी लहान पुटककोष असतात, हे स्पष्टीकरण सर्वांत समाधानकारक वाटते. डेस्लोरेलिन या संप्रेरके दाबणाऱ्या औषधाच्या त्वचेखालील कांडीचा कोषांवर फारसा परिणाम दिसलेला नाही.

लक्षणे सावकाश उमटतात. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होतात. उघडी पडलेली कातडी गुळगुळीत, खपलीविरहित असते व खाजत नाही. स्तनाग्रांवर खरबरीत पापुद्रा धरतो. शांत मादी सोबतिणींवर चढू लागते, दात वाजवते, अंगावर जाते. पुढे पोट पेरूसारखे फुगते व ‘चांगली जाड झाली’ असे कौतुक होते, पण वजनकाटा तसे सांगत नाही. कण्याची हाडे हाताला लागतात. गर्भाशयाच्या गाठी व अस्तराचा दाह हे विकार सोबत असू शकतात, म्हणून लघवीत रक्त दिसल्यास मूतखड्याबरोबर त्यांचाही विचार करावा.

चट्टा एका बाजूला, चेहऱ्यापासून सुरू झालेला व खपलीचा असेल तर बुरशी; सममित, कुशींवरचा व स्वच्छ असेल आणि मादी दोन वर्षांवरची असेल तर अंडाशय. हा नियम सोपा आहे, तरी दोन्ही एकाच वेळी असण्याची शक्यता उरतेच. चूक महागात पडते ती दोन प्रकारे. कोष असलेल्या मादीला महिनोन्महिने मलमे चोपडली जातात. शिवाय संसर्ग समजून तिला एकटे ठेवले जाते, आणि कळपाने राहणारा हा प्राणी एकटेपणाने खाणे सोडतो.

निश्चित निदान सोनोग्राफीने होते. अंडाशय व गर्भाशय काढणे हा खात्रीचा उपाय. तरुण, निरोगी मादीवर प्रतिबंधक शस्त्रक्रिया करावी, असे एक मत आहे. भूल देण्याचा अनुभव असलेला शल्यवैद्य जवळ नसेल तेथे दोन वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून वाट पाहणे अधिक शहाणपणाचे दिसते. सुईने पाणी काढल्यास आराम पडतो, पण कोष पुन्हा भरतो. हा प्राणी ओकू शकत नाही, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी त्याला कुत्र्यासारखे रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. गालात साठलेला घास मात्र भुलीपूर्वी धुऊन काढावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर खरा धोका आतडे थांबण्याचा. वेदनाशामक वेळेवर देणे, पाण्यात कालवलेली गोळीखाद्याची पेज पिचकारीने भरवणे, लेंड्या मोजणे व स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर रोज वजन करणे ही शुश्रूषेची चार कामे.

गोव्यातील परिस्थिती : गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो व त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबरात येतो. या प्राण्याला १८ ते २४° से. तापमान मानवते. मे महिन्यात पत्र्याखालची बाल्कनी त्याला उष्माघात देते, तर जांभ्याच्या भिंतींचे कौलारू घर थंड असले तरी पावसाळ्यात ओल धरते. पिंजरा भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून उंच ठेवावा. वर्तमानपत्रावर सुती कापड घालून ते रोज बदलावे. भाताचे तूस टोचते, बारीक भुसा नाकात जातो. भाताचा पेंढा निकृष्ट व कडक असल्याने त्यावर भागत नाही. हरळी व पॅरा गवत चांगले, मात्र ओले गवत पसरून निथळू द्यावे. काळसर डाग पडलेले गवत टाकून द्यावे.

माणसाप्रमाणे गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. होल्स्ट व फ्रलिक या संशोधकांनी १९०७ मध्ये याच प्राण्यात स्कर्व्ही (या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) घडवून दाखवली. रोजची गरज किलोमागे १० ते ३० मिग्रॅ. असून ती न भागल्यास जखमा भरत नाहीत, त्वचा खरबरीत होते. पेरूची फोड, ढब्बू मिरची, कोथिंबीर यांनी ती सहज भागते. तांबडी भाजी मात्र ऑक्झॅलेटमुळे रोज देऊ नये. गणेश चवथीला घर बंद करून मूळ गावी जाणाऱ्या कुटुंबांनी शेजाऱ्याला फक्त गोळीखाद्य सोपवून जाऊ नये. डबा उघडल्यावर त्यातील क जीवनसत्त्व उतरत जाते, आणि हा काळ नेमका ओलीचाच.

तालुक्यांच्या गावी दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी, कुत्री व मांजरे यांच्यासाठी असतात. तेथे नेताना वय, वजनांची नोंद व दिलेल्या औषधांची नावे सोबत ठेवावीत. पाळीव प्राण्यांच्या दुकानांना केंद्राचे २०१८ चे नियम लागू असून त्यांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते.