खोगिराच्या पट्ट्यांची हातशिलाई

खोगिराच्या पट्ट्यांची हातशिलाई म्हणजे घोड्याच्या खोगिराला जोडलेले भार पेलणारे चामडी पट्टे दोन सुया आणि एकच मेणवलेला दोरा वापरून हाताने शिवण्याची पद्धत होय. या टाक्याला जगभर सॅडल स्टिच म्हणतात. पाकिटे व बॅगा यांवरही तो दिसतो, परंतु त्याची खरी कसोटी खोगिरावरच लागते, कारण तिथे शिवण सुटली तर स्वार थेट खाली येतो.

इंग्लिश पद्धतीच्या खोगिरात तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळलेला पट्टा, ज्यांना बकलाने अडकतो ते पट्टे आणि रिकिबीच्या (स्वाराचा पाय ठेवण्याच्या कड्याच्या) वाद्या यांची झीज सर्वांत आधी होते. तंगाचे पट्टे प्रत्येक बाजूस बहुधा ३ असतात. त्यांपैकी पुढचा पट्टा स्वतंत्र जाड विणलेल्या पट्टीला, तर मागचे दोन दुसऱ्या पट्टीला शिवलेले असतात, म्हणजे एक जोड निकामी झाला तरी दुसरा तंग धरून ठेवतो. म्हणूनच तंगाचे एक बकल नेहमी पुढच्या पट्ट्याला लावायचे असते. घोड्याच्या घामातील क्षार आणि ओल यांनी दोरा कुजतो. पट्ट्यांची भोके ताणून लांबट झाली असतील किंवा वाकवल्यावर चामड्याला भेगा दिसत असतील, तर नुसती शिवण नवी करून भागत नाही, पट्टाच बदलावा लागतो.

यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे चामड्याच्या मध्यावर एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एका बाजूचा दोरा झिजून तुटला की शेजारचे टाकेही ढिले पडू लागतात. हातशिलाईत दोऱ्याची दोन्ही टोके प्रत्येक भोकातून समोरासमोरून आरपार जातात. एक टाका तुटला तरी बाकीचे आपापल्या जागी घट्ट राहतात.

दुरुस्तीची सुरुवात उसवण्यापासून होते. जुना दोरा दोन थरांच्या मधून रापीने (चामडे कापण्याच्या सुरीने) कापून चिमट्याने ओढून काढतात. जुनी भोके शाबूत असतील तर तीच पुन्हा वापरावीत, कारण त्यांच्या मध्ये नवी भोके पाडल्यास चामडे तिकिटांच्या कागदासारखे त्या रेषेवर फाटते. नवा पट्टा वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या, जनावराच्या पाठीच्या भागातील घट्ट चामड्यातून कापतात, कारण पोटाकडचे चामडे ताणते. पट्ट्याचे शिवायचे टोक रापीने तासून पातळ करतात, म्हणजे जोड स्वाराच्या मांडीखाली टोचत नाही.

भार पेलणाऱ्या शिवणीत एका इंचात साधारण ६ ते ८ टाके घेतात. बारीक टाके देखणे दिसतात खरे, पण भोके जवळजवळ आल्याने चामडे कमजोर होते. शिवणीच्या लांबीच्या सुमारे चौपट लिननचा (जवसाच्या तंतूंचा) दोरा घेऊन त्यावर मधमाशांचे मेण चोळतात आणि त्याच्या दोन्ही टोकांना बोथट सुया ओवतात. सुया बोथट असणे आवश्यक आहे, कारण भोक पाडण्याचे काम आरीचे असते. आरीचे पाते शंकरपाळ्याच्या आकाराचे असते, त्यामुळे भोक तिरके पडते आणि टाका बसल्यावर चामडे दोऱ्याभोवती मिटते. पट्टा गुडघ्यांमध्ये धरलेल्या लाकडी शिकंज्यात पकडून कारागीर एका वेळी एकच भोक पाडतो, डावी सुई आधी ओढून घेतो आणि मग उजवी सुई त्याच भोकात घालताना पहिला दोरा किंचित मागे खेचून धरतो. एवढीशी ही हालचाल चुकली तर सुई पहिल्या दोऱ्यातच घुसते आणि तो टाका कधीच सारखा ताणला जात नाही. दोन्ही हातांनी समान ओढ देणे हे या कामातील सर्वांत अवघड अंग असून ते वाचून येत नाही. शेवटी दोन-तीन टाके उलटे घेऊन दोरा चामड्यालगत कापतात, गाठ मारत नाहीत. कृत्रिम धाग्यांचा दोरा कुजत नसला तरी तो चामड्यापेक्षा चिवट असतो आणि ताण आल्यास भोकाची कड कापतो. तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो, कापलेली कड भरून येत नाही.

इंग्लंडमधील वॉल्सॉल हे या धंद्याचे नामांकित गाव असून तेथील फुटबॉल संघाला ‘सॅडलर्स’ म्हणतात. १९८८ मध्ये तिथे चर्मोद्योगाचे संग्रहालय सुरू झाले. भारतात कानपूरची खोगिरे प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रातील जीनगर समाजाचे नावच फारसी ‘जीन’, म्हणजे खोगीर, या शब्दावरून आले आहे.