पार्श्वभूमी : ऑपेराच्या नायिका मैफलीत कशा आल्या

युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांच्या कार्यक्रमपत्रिका चाळल्या तर एक मालिका वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भेटते. विषय एकच, ऑपेरातल्या सामर्थ्यशाली स्त्रिया. नेपथ्य नाही, रंगभूषा नाही. शंभरेक वादक आणि त्यांच्यापुढे उभी एक सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका. यादीही बहुतेक ठरलेली असते : इझोल्ड, ब्र्युनहिल्ड, सलोमे, एलेक्ट्रा, तोस्का, कधीमधी लेडी मॅकबेथ. नाटकातून उचललेला प्रवेश मैफलीत मांडायची ही रीत आली कुठून आणि यादी अशीच का झाली, याचा हा मागोवा.

मूळ नाटकापेक्षा त्यातला तुकडा जास्त जगावा, हे ऑपेराच्या बाबतीत पार सुरुवातीपासून घडत आलं आहे. माँतेव्हेर्दीचा 'आरियाना' १६०८ मध्ये मांतुआत झाला. त्याचं संगीत हरवलं. टाकून दिलेल्या नायिकेचा विलाप तेवढा हाती उरला. पुढच्या दोन शतकांत राण्या आणि जादूगारिणी भरपूर झाल्या. हँडेलची क्लिओपात्रा १७२४ ची, अल्चिना १७३५ ची. मात्र पोपच्या अमलाखालच्या रोममध्ये स्त्रियांना रंगमंचावर मज्जाव होता आणि नायिका कास्त्राती गायक रंगवत. इथे आपल्याकडच्या स्त्रीपार्टीची आठवण होणं साहजिक आहे. पण आवाज फुटू नये म्हणून पोरांवर शस्त्रक्रिया करण्यापर्यंत संगीत नाटकांची मजल कधी गेली नाही, तेव्हा तुलना फार ताणू नये.

सामर्थ्य म्हणजे सुरेल गोडवा नव्हे, हे ठणकावून सांगणारा पहिला मोठा संगीतकार बहुधा व्हेर्दी. त्याची लेडी मॅकबेथ १८४७ मध्ये फ्लॉरेन्सला उभी राहिली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगासाठी नामांकित गायिका ठरली, तेव्हा त्याने पत्र लिहून हरकत घेतली. बाई दिसतात छान, गातात निर्दोष, म्हणून त्या नकोत. मला कर्कश, घुसमटलेला, काळाकुट्ट आवाज हवा, असा त्याचा मुद्दा होता. आजच्या मालिकांत ही भूमिका बहुधा अगदी निर्दोष गायली जाते, हे व्हेर्दीला कितपत रुचलं असतं कोण जाणे.

मैफलीचा रस्ता खऱ्या अर्थाने पाडला तो वाग्नरने, आणि तोही गरजेपोटी. 'ट्रिस्टान उंड इझोल्ड' रंगमंचावर यायला १८६५ उजाडलं. त्याआधी १८६३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याने त्याची नांदी आणि अखेरचा भाग जोडून वाजवला होता, तोही गायिकेशिवाय. इझोल्डचा शेवट इझोल्डविना वाजवायची ही पद्धत आजही चालू आहे. ब्र्युनहिल्डची गोष्ट तर याहून गमतीची. सीगफ्रीडच्या चितेत घोड्यासकट उडी घेण्याआधीचं तिचं जवळजवळ वीस मिनिटांचं गाणं व्हिएन्नाच्या श्रोत्यांनी १८७५ मध्ये मैफलीत ऐकलं. वाग्नरच्या बायरॉइटच्या नाट्यगृहात संपूर्ण 'रिंग' (ब्र्युनहिल्डची कथा असलेली त्याची चार ऑपेरांची मालिका) झालं ते त्यानंतर, १८७६ मध्ये. त्या महोत्सवात पैसे बुडाले. तूट भरून काढायला १८७७ मध्ये लंडनला आठ मैफलींची मालिका झाली आणि तिथेही असेच तुकडे गायले गेले. सारांश, पूर्ण नाटक उभं करायला पैसा नाही, म्हणून नायिकेचा शेवट वाद्यवृंदापुढे मांडायचा, हा हिशेब आजच्या आयोजकांनी काढलेला नाही.

आता सलोमेकडे येऊ, कारण या सगळ्या प्रकरणाची गाठ तिच्यापाशी आहे. रिखार्ड श्ट्राउसचा (वॉल्ट्झवाला तो वेगळा) हा एकांकी ऑपेरा ९ डिसेंबर १९०५ रोजी ड्रेस्डेनला झाला. सलोमे ही राजा हेरॉडच्या बायकोची, हेरोडियासची मुलगी. ती हेरॉडपुढे सात पडद्यांचा नाच करते आणि बदल्यात कैदेतल्या योहानाचं मुंडकं तबकात मागून घेते. तालमींतच पहिल्या सलोमेने 'मी सभ्य बाई आहे' म्हणून कुरकुर केली होती. सात पडद्यांचा नाच शेवटी दुसऱ्या नर्तकीने केला. व्हिएन्नाच्या सेन्सॉरने परवानगी नाकारली, आणि तिथल्या दरबारी ऑपेरागृहात ती यायला १९१८ साल उजाडावं लागलं. बर्लिनला १९०६ मध्ये परवानगी मिळाली ती अखेरीस आकाशात बेथलेहेमचा तारा उगवेल या अटीवर. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरागृहात २२ जानेवारी १९०७ रोजी एक प्रयोग झाला, संचालक मंडळातले धनिक बिथरले आणि ऑपेरा त्या मंचावरून उतरला तो थेट १९३४ पर्यंत. लंडनला १९१० मध्ये तर शब्दच धुऊन काढले होते. बाप्तिस्मा देणारा योहान नुसता 'प्रेषित' झाला, सलोमेची वासना आध्यात्मिक तळमळीत बदलली आणि तबकातलं मुंडकं दिसता कामा नये असं ठरलं. प्रयोग रंगला तसे गायक हळूहळू मूळ शब्दांवर घसरले, तरी सेन्सॉर करणाऱ्या दरबारी अधिकाऱ्यांनी शेवटी येऊन कौतुकच केलं, असं त्या रात्रीच्या कंडक्टरने आठवणींत लिहून ठेवलं आहे.

मैफलीला यातलं काहीच आडवं येत नाही. मुंडकं नाही, नाच असला तरी फक्त वाद्यांचा. पण म्हणूनच एक निर्णय करावा लागतो, आणि तो दिसतो तितका किरकोळ नाही. अखेरच्या प्रवेशात सलोमे कापलेल्या मस्तकाशी बोलते. हेरॉड मशाली विझवायला लावतो, चंद्र झाकोळतो, अंधारात ती ओठांच्या चवीबद्दल पुटपुटते. मग 'मी तुझं चुंबन घेतलं, योहानान' (ऑपेरातलं योहानाचं नाव) हे शब्द सी-शार्प मेजरमध्ये उसळून येतात आणि त्याच क्षणी वाद्यवृंद एक असा कर्णकटू स्वरसमूह कोसळवतो की ऐकणारा दचकतो. चांदणं तिच्यावर पडतं. हेरॉड वळून ओरडतो, 'मारून टाका या बाईला!' सैनिक ढालींखाली तिला चिरडतात. सी मायनरमध्ये काही घणाघात, की पडदा.

हेरॉडच्या त्या एका ओळीचं काय करायचं? एवढ्यासाठी वेगळा टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, बोलवायचा म्हणजे बिदागी, प्रवास, मुक्काम आलाच. म्हणून मैफलीत ती ओळ अनेकदा सरळ गाळली जाते. ती गाळली की अर्थ फिरतो. ओळ असेल तर राजाने हुकूम सोडून बाईचा आवाज बंद केला, हे शब्दांत ऐकू येतं. नसेल तर सलोमेनंतर कुणी माणूस बोलतच नाही. उरतात फक्त वाद्यांचे घाव. गाळण्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात, शेवटचा शब्द तिचाच राहतो, आणि मालिकेचं नाव सामर्थ्यावर ठेवलंय तर तेच योग्य. दुसरी बाजू म्हणते की मारेकऱ्याला अदृश्य करून तिच्या मरणाचं नुसतं गोड स्मारक होतं. मला दुसरी बाजू पटते. टेनरचा खर्च वाचवून त्याला स्त्रीवादाचं नाव देणं जरा जास्तच होतं. ज्यांच्याकडे हेरॉड आहे, हेरोडियास आहे, त्यांनी संपूर्ण ऑपेराच मैफलीच्या रूपात करावा, आणि अलीकडे बरेच वाद्यवृंद करतातही.

या वादाला पुस्तकी धार आली ती १९७९ मध्ये. एका फ्रेंच लेखिकेने ऑपेरातल्या मेलेल्या बायकांची जंत्रीच मांडली. भोसकलेल्या, क्षयाने गेलेल्या, उडी मारलेल्या, जळालेल्या. आणि आपण टाळ्या वाजवतो, असा तिचा रोख. नव्वदच्या दशकात एका अमेरिकन संगीत अभ्यासक स्त्रीने उलट बाजू घेतली. कथानकात बाई हरते, पण त्या रात्री सभागृह तिच्या आवाजाच्या ताब्यात असतं, त्याचं काय? आजच्या मालिकांच्या माहितीपत्रकांत या दुसऱ्या मताचाच पातळ केलेला अर्क आढळतो.

आवाजाच्या ताब्याची गोष्ट मात्र व्यवहारात तितकी सोपी नाही. ऑपेरागृहात वादक पिटमध्ये, म्हणजे मंचापुढच्या खड्ड्यात, गायिकेच्या पायांखालच्या पातळीवर असतात. बायरॉइटला तर पिट वरून झाकलेलाच आहे. मैफलीच्या मंचावर तेच शंभर लोक तिच्या पाठीशी, तिच्याच पातळीवर बसतात, आणि श्ट्राउसच्याच 'एलेक्ट्रा'त (१९०९) ते शंभराहूनही जास्त होतात. ती पुढे उभी राहिली तर कंडक्टर तिच्या मागे जातो, मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून किंवा समोरच्या पडद्यावर त्याचा हात बघायचा. तिला वादकांमागे उंचवट्यावर उभं केलं तर तो दिसतो, पण तिचे शब्द पितळी वाद्यांत बुडतात. 'सलोमे' आणि 'एलेक्ट्रा' या दोन्ही कृती परीकथेच्या संगीतासारख्या हलक्या हाताने वाजवा, असं श्ट्राउस स्वतः गमतीने सांगे, आणि पुढे एका हलक्या आवाजाच्या सलोमेसाठी त्याने वाद्यांचा भार उतरवूनही दिला. मैफलीत हा सल्ला फार कमी वेळा पाळला जातो.

यादीत कोण नाही, हेही पाहण्यासारखं आहे. यानाचेकच्या 'येनुफा'तली (१९०४) सावत्र आई कोस्टेलनिच्का लेकीसारखी वाढवलेल्या पोरीची अब्रू वाचवायला तिचं तान्हं बाळ बर्फाच्या नदीत नेऊन टाकते आणि शेवटी भर लग्नात गुन्हा कबूल करते. ताकद म्हणावी तर ही. पण ती प्रौढ आहे, तिचं गाणं चेक भाषेत आहे आणि तिचा प्रवेश टाळ्या पडाव्यात अशा जागी संपत नाही. व्हेर्दीच्या 'इल त्रोव्हातोरे'तली म्हातारी आझुचेना अशीच बाहेर राहते. मालिकांना सामर्थ्य हवं असतं ते तरुण आणि सोप्रानो.

आणि या साऱ्या भूमिका लिहिणारे संगीतकार पुरुष आहेत. सलोमेला एका रात्रीत उतरवणाऱ्या त्याच न्यूयॉर्कच्या ऑपेरागृहात स्त्री संगीतकाराचा ऑपेरा १९०३ मध्ये झाला होता. तिथेच दुसरा व्हायला २०१६ उजाडलं. तो होता फिनलंडच्या काइया सारिआहोचा, मध्ययुगीन कवी आणि त्रिपोलीच्या क्लेमाँस नावाच्या सरदारीण बाईच्या दूरस्थ प्रेमाचा. त्यात मरतो तो कवी. क्लेमाँस शेवटी एकटी उरते आणि देवाशी भांडत गाते.