‘थोडक्यात हुकलं’ विकणारे

सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावाला आकडा काही नवा नाही. मटक्याचा जन्मच कापसातला: न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईत येत आणि त्यावर पैसे लागत. पण मटक्यात ओपन फुटला की क्लोजपर्यंत थांबावंच लागे. आज पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये कांडी बदलता बदलता मोबाइलवर डाव लागतो, आणि तीन सेकंदांत संपतो.

सगळी मेख या तीन सेकंदांत आहे. समजा, गेम अगदी प्रामाणिक आहे आणि लावलेल्या १०० रुपयांतले सरासरी ९५ परत देतो. ऐकायला बरंच वाटतं. पण १० रुपयांचे असे डाव तासाला १२०० होतात, म्हणजे उलाढाल १२ हजारांची. तिचे पाच टक्के, सरासरी ६०० रुपये, तासाभरात गेले. मागावरच्या दिवसभराच्या मजुरीशी हा आकडा ज्याने त्याने ताडून पाहावा. एका तरी जाहिरातीत हा तासाचा हिशेब कुणी वाचलाय?

मग माणूस उठत का नाही? केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेंदूचे स्कॅन घेऊन हे तपासलं. फिरती चित्रं जुळवायच्या स्लॉट खेळात चित्र जुळता जुळता एका घराने हुकलं, तर जिंकताना जागे होणारे मेंदूचे काही भाग तेव्हाही जागे होत होते. खेळणाऱ्यांना ते हुकणं साध्या हरण्याहून जास्त झोंबत होतं, तरी पुन्हा खेळायची इच्छा वाढत होती. गंमत म्हणजे, ती वाढली फक्त चित्र स्वतः निवडलं असेल तेव्हाच. ‘तुमची टीम, तुमचं डोकं’ छापाच्या जाहिराती नेमक्या याच नसेवर बोट ठेवायच्या.

आणखी एक चलाखी: १० लावले, ४ परत आले, तरी स्क्रीनवर नाणी खळखळतात. सहा रुपये गेल्याचा हा जल्लोष! ब्रिटनने ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटमध्ये तो बंद केला आणि एक डाव सुरू झाल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंत किमान अडीच सेकंद जाणं सक्तीचं केलं. ही खरी जबाबदारी, कारण ती गेम बनवणाऱ्यावर पडते.

आपल्याकडे २०२० च्या जाहिरात मानकांनी पैशांच्या गेमच्या जाहिरातीत व्यसनाचा आणि आर्थिक जोखमीचा इशारा सक्तीचा केला. तो घाईघाईत वाचून दाखवला की कंपनी मोकळी. पुढचं तुमचं तुम्ही बघा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मात्र पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवरच बंदी आणली, आणि खेळणाऱ्याला शिक्षेतून वगळलं. परदेशी बेटिंग कंपन्या बातम्यांच्या वेबसाइटचा बुरखा घालून जाहिरात करतात ती गोष्ट वेगळी, तिथे पकडापकडी चालूच राहणार. पण अशा गेमच्या जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘लिंक बायोमध्ये आहे’ म्हणत पैसे घेऊन रील टाकणारा गल्लीतला इन्फ्लुएन्सरही त्यातून सुटत नाही.